सतराव्या वर्षानंतर मैदान कुठे आहे?

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात भारताचा वरिष्ठ फुटबॉल संघ बांगलादेशाकडून ०-१ असा हरला. बांगलादेशाने आपल्याला हरवले ते बावीस वर्षांनी. २०२७च्या आशियाई चषकाची दारे तर त्याआधीच, ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने २-१ अशी मात केली तेव्हाच, बंद झाली होती. ढाक्यानंतर बाराच दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, अहमदाबादेत भारताच्या १७ वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ असे हरवले. जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हते आणि पहिला गोल इराणने केला होता. तरी या पोरांनी सामना फिरवला आणि १७ वर्षांखालील आशियाई चषकाची पात्रता मिळवली. त्या स्पर्धेत पहिल्या आठांत आले की कुमारांच्या विश्वचषकाचे तिकीट. बिबियानो फर्नांडिस या गोव्याच्या प्रशिक्षकांचे आणि त्यांच्या मुलांचे करावे तेवढे कौतुक थोडेच आहे.

हे दोन निकाल इतके लागोपाठ आले की जुना वाद नव्याने पेटला. एक बाजू म्हणते, मोठ्यांना घरी बसवा, सगळा पैसा या पोरांवर लावा, दहा वर्षांत हीच मुले आपल्याला खऱ्या विश्वचषकात नेतील. दुसरी बाजू म्हणते, पोरासोरांच्या विजयांना काही अर्थ नसतो. २०१७ साली तर कुमारांचा विश्वचषकच आपण घरी भरवला, त्यातून काय हाती लागले? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही या स्पर्धेकडे भविष्य सांगणाऱ्या पोथीसारखे पाहतात. एकाला पोथी खरी वाटते, दुसऱ्याला खोटी.

माझे म्हणणे असे आहे. १७ वर्षांखालील विश्वचषकातून एखाद्या देशाने तेरा ते सतरा या वयात मुलांना काय शिकवले, एवढेच कळते. ते मोलाचे आहे, म्हणून ही स्पर्धा खेळावी, जमल्यास पुन्हा भरवावीही. पण खेळाडू घडतो की विझतो, हे सतरा ते एकवीस या चार वर्षांत ठरते, आणि आपली सगळी गळती नेमकी तिथे आहे. ती गळती बुजवायचे सोडून आपण दर दोन-चार वर्षांनी एक नवा गुणी संघ निवडतो, त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो आणि त्याला वाऱ्यावर सोडतो. वाद घालायचाच तर या चार वर्षांबद्दल घालायला हवा.

इराणला हरवल्याचा आनंद साजरा करताना फार थोड्यांना १९७४ आठवले. त्या वर्षी बँकॉकमध्ये आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २-२ असे बरोबरीत सुटले आणि विजेतेपद दोघांना विभागून मिळाले. शब्बीर अली आपले कर्णधार होते. एकच चषक, एकच दिवस, दोन देशांची जवळपास सारख्या वयाची मुले. पुढे काय झाले? चार वर्षांनी इराण अर्जेंटिनात विश्वचषक खेळत होता. भारताला आशियाई चषकाच्या मुख्य फेरीत पुन्हा पोहोचायलाच १९८४ उजाडले. इराण त्या काळी मुळातच बलाढ्य होता, १९६८ आणि १९७२चे आशियाई चषक त्याने जिंकले होते, हे मान्यच आहे. तेव्हा सगळा फरक त्या दहा वर्षांत पडला असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. इराणची देशव्यापी लीग, तख्त-ए-जमशेद चषक, १९७३ साली सुरू झाली होती. बँकॉकहून परतलेल्या इराणी मुलांना आठवड्यामागून आठवडे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंशी झुंजायचे मैदान तयार होते. आपली पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ साली. तोवर १९७४ची मुले चाळिशीत आली होती. कोलकाता, गोवा, मुंबई इथल्या स्थानिक लीग आणि ड्युरंड, रोव्हर्ससारख्या स्पर्धा होत्या, त्यांची परंपरा थोर आहे. पण देशभरच्या उत्तमांना वर्षभर एकमेकांसमोर उभे करील अशी व्यवस्था नव्हती. मग त्या विभागून मिळालेल्या चषकाचा दोष काय?

शंका घेणाऱ्यांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा आता घेऊ. सतराव्या वर्षी जिंकण्याचा मोठेपणी जिंकण्याशी फारसा संबंध नसतो, असे ते म्हणतात, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. ही स्पर्धा १९८५ साली चीनमध्ये सुरू झाली, तेव्हा ती १६ वर्षांखालील मुलांची होती. नायजेरियाने ती पाच वेळा जिंकली आहे, इतर कोणाहीपेक्षा जास्त. हाच नायजेरिया मोठ्यांच्या विश्वचषकात आजवर उपउपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेलेला नाही, आणि २०२२ व २०२६ या दोन्ही विश्वचषकांना तर पात्रही ठरला नाही. सौदी अरेबियाने १९८९ साली स्कॉटलंडमध्ये यजमानांनाच पेनल्टींवर हरवून ही स्पर्धा जिंकली. उलट अर्जेंटिनाने ती कधीच जिंकलेली नाही. इटलीने नाही. स्पेन चार वेळा अंतिम सामन्यात हरला. जर्मनीला पहिले विजेतेपद मिळायला २०२३ उजाडले. २०१७ साली फातोर्ड्यावर इराणच्या मुलांनी जर्मनीला ४-० असे धुतले होते. त्या रात्री मडगावात बसून कोणी इराणचा फुटबॉल जर्मनीच्या पुढे गेला असा निष्कर्ष काढला असता, तर तो किती टिकला असता?

पण या आकड्यांतून ही स्पर्धा निरर्थक आहे असा अर्थ निघत नाही. २००३ साली सर्वोत्तम खेळाडू ठरलेला सेस्क फाब्रेगास, २००७चा टोनी क्रूस, २०१७चा फिल फोडन हे पुढे जगातले नामांकित खेळाडू झाले. आणि १९९१ साली इटलीत हाच मान मिळवणारा घानाचा नी लॅम्प्टी? पेलेचा वारसदार म्हणून त्याचे नाव घेतले जात होते. मध्यस्थांनी त्याला एका क्लबातून दुसऱ्या क्लबात फिरवले. करारांवर सह्या करणाऱ्या या पोराला ते करार वाचता येत नव्हते. क्रूस आणि लॅम्प्टी यांच्यातले अंतर सतराव्या वर्षी दिसत नव्हते, कारण ते पायांत नव्हतेच. एकाच्या भोवती क्लब, लीग, शाळा, कायदा असे सगळे उभे होते. दुसऱ्याच्या भोवती व्यापारी होते. नायजेरिया आणि अर्जेंटिना यांच्यातला फरकही तोच आहे. म्हणून आकडे शंकेखोरांच्या बाजूचे वाटले, तरी ते माझा मुद्दा सांगतात: स्पर्धेनंतरची चार वर्षे.

आता २०१७. त्याबद्दल दोन्हीकडून इतके अर्धवट बोलले जाते की थोडे सविस्तर सांगायला हवे. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोवा आणि नवी मुंबई या सहा ठिकाणी ती स्पर्धा झाली. साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले. या वयोगटाच्या स्पर्धेत तोवर एवढी गर्दी कुठेच झाली नव्हती. भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा हरला. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जिक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने गोल केला, तो फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. संघात महाराष्ट्राचेही धागे होते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि तिथून या संघात पोहोचला. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. स्पर्धेच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने १५ सप्टेंबरला राज्यभर शाळांमधून फुटबॉल खेळवले, लाखो मुले त्या दिवशी मैदानात उतरली.

तो एक दिवस मला तेव्हाही आवडला होता आणि आजही आवडतो. ज्या मुलींच्या पायाला कधी चेंडू लागला नव्हता त्यांनी तो त्या दिवशी लाथाडला, ही लहान गोष्ट नाही. पण १६ सप्टेंबरला काय झाले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या शाळांकडे मैदान नव्हते त्यांच्याकडे १६ तारखेलाही मैदान नव्हते. ज्यांच्याकडे होते तिथले चेंडू क्रीडा शिक्षकाच्या कपाटात गेले, आणि अनेक शाळांत तर क्रीडा शिक्षकाचे पदच रिकामे होते.

संघाबद्दल बोलायचे तर तो काही वर्षे आधीपासून निवडून, शिबिरात ठेवून, परदेश दौऱ्यांवर नेऊन घडवलेला होता. शाळेत आदळआपट चालू असताना गुणवत्ता यादीसाठी पाच पोरे वेगळ्या वर्गात बसवावीत, तसा तो प्रयत्न होता. त्यात मुलांचा दोष शून्य. ती जिवाच्या आकांताने खेळली. पण तेराव्या वर्षी पंचवीस मुले निवडून देशाची मोट बांधता येत नाही, याचा पुरावा त्याच संघात होता. ज्या जिक्सनने तो ऐतिहासिक गोल केला, तो आधीच्या निवडीत बसलेला नव्हता. चंडीगडच्या मिनर्वा अकादमीतून तो नंतर आत आला. म्हणजे आपला पहिला विश्वचषक गोल जवळजवळ निसटलाच होता. असे किती जिक्सन निसटले असतील? कुठल्यातरी तालुक्यात चौदाव्या वर्षी बुटका म्हणून नाकारलेला, सतराव्या वर्षी अचानक उंच झालेला मुलगा पुन्हा कोणाच्या नजरेस पडणार, जर त्याला पाहण्यासाठी एकही लीग नसेल?

यजमानपदावर झालेल्या खर्चाचा आक्षेप मला अर्धाच पटतो. गरीब देशाने स्टेडियमवर पैसा ओतू नये, हे म्हणणे रास्त आहे. पण नवी मुंबईचे डी. वाय. पाटील, कोलकात्याचे सॉल्ट लेक, मडगावचे फातोर्डा ही मैदाने आधीपासून होती. त्यांची डागडुजी झाली, सरावाची मैदाने सुधारली. २०२२ साली मुलींचा विश्वचषक भरवताना त्यांतलीच दोन कामी आली. पैसा वाया गेलाच असेल तर तो मैदानात गेला नाही, मैदानांना कुलूप लावण्यात गेला. मोठ्या स्पर्धेचे गवत शाळकरी पोरांच्या पायांसाठी नसते, हा समज आपल्या प्रशासनात इतका मुरला आहे की कोणाला त्याचे नवलही वाटत नाही.

त्या स्पर्धेनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. विश्वचषकातल्या बहुतेक मुलांचा ‘इंडियन ॲरोज’ हा संघ करून त्यांना आय-लीग या मोठ्यांच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवले. मोठ्या माणसांच्या लीगमध्ये ही पोरे बऱ्याचदा हरायची. पण ९० मिनिटे खेळायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायची. सुरेश सिंग, अमरजित, जिक्सन, रहीम अली, अन्वर अली हे पुढे वरिष्ठ संघात आले त्यात या सामन्यांचा वाटा मोठा आहे. २०२२ साली ॲरोज बंद झाला. निधी कुमारांच्या लीगकडे वळवायचा, असे कारण दिले गेले, आणि कारण वाईट नव्हते. पण सतरा ते एकवीसच्या पोरांना रोजचा सामना देणारी एक जागा त्यासोबत गेली. त्याच वर्षी क्लबांच्या तरुण संघांसाठी डेव्हलपमेंट लीग सुरू झाली, तिचे स्वागतच आहे, मात्र काही महिन्यांत आटोपणारी स्पर्धा मोठ्यांच्या पूर्ण मोसमाची जागा घेऊ शकत नाही.

तुलनेसाठी त्या २०१७च्या विजेत्यांकडे पाहा. अंतिम सामन्यात कोलकात्यात इंग्लंडने ०-२ अशा पिछाडीवरून स्पेनला ५-२ असे हरवले, फोडनने दोन गोल केले. त्या संघात कॉनर गॅलाघर नावाचा एक मध्यरक्षक होता. तो चेल्सीचा, पण चेल्सीत त्याला जागा नव्हती. मग त्याला चार्लटन, स्वान्सी, वेस्ट ब्रॉमविच आणि क्रिस्टल पॅलेस अशा चार क्लबांत उसना पाठवण्यात आला. कुठे खालच्या श्रेणीत, कुठे वर, पण खेळत राहिला, आणि तसाच खेळत राष्ट्रीय संघात पोहोचला. इंग्लंडने २०१२ साली आपल्या अकादम्यांची फेररचना केली, सरावाचे तास आणि कुमारांच्या लीगचे सामने वाढवले. २०१७ हे त्याचे फळ होते, आणि गॅलाघरची भ्रमंती हाही त्याचाच भाग. आता हाच मुलगा मणिपूरच्या बिष्णुपूरचा, मिरजेचा किंवा गोव्यातल्या वास्कोचा आहे असे समजा. अठराव्या वर्षी तो कुठे खेळेल? इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल या आपल्या सर्वोच्च लीगच्या क्लबात मैदानावर चार परदेशी खेळाडू असतात आणि गोल करायच्या जागेवर बहुधा त्यांतलाच कोणीतरी. दुसऱ्या श्रेणीचे क्लब पैशाच्या विवंचनेत. २०२५-२६ मध्ये तर सर्वोच्च लीगच व्यावसायिक करारांच्या घोळात अडकली आणि फेब्रुवारीत, छाटलेल्या वेळापत्रकासह, सुरू झाली. अठरा वर्षांच्या पोराच्या आयुष्यातून अर्धा मोसम पुसला गेला, त्याची भरपाई कशी करायची?

इंग्लंड श्रीमंत आहे, त्याची बरोबरी कशाला, असे कोणी म्हणेल. मग जपान घेऊ. १९९३ साली जपानने हाच कुमार विश्वचषक घरी भरवला. त्याच वर्षी त्यांची जे-लीग सुरू झाली. हिदेतोशी नाकाता त्या संघात होता. उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाने, जो पुढे विजेता ठरला, त्यांना बाहेर काढले. तोवर जपान मोठ्यांच्या विश्वचषकात एकदाही खेळला नव्हता. पाच वर्षांनी, १९९८ साली, खेळला, आणि तेव्हापासून एकही विश्वचषक चुकलेला नाही. २०२२ साली तर त्यांनी जर्मनी आणि स्पेन या दोघांना एकाच गटात हरवले. कुमारांचा विश्वचषक मात्र जपानने आजवर जिंकलेला नाही, आणि त्याची त्यांना खंत असल्याचे दिसत नाही.

जपानची कथा बहुतेक जण इथपर्यंतच सांगतात. खरी गोम पुढे आहे. जपानची आंतरशालेय स्पर्धा १९१७ पासूनची, अफाट लोकप्रिय, आणि ती बाद पद्धतीची. एक सामना हरला की संघ घरी. लोकांचे प्रेम असूनही जपानी महासंघाच्या लक्षात आले की अशा पद्धतीत निम्म्या शाळा एकच सामना खेळतात, आणि हरण्याच्या भीतीने प्रशिक्षक मुलांना चेंडू लांब उडवायलाच शिकवतात. म्हणून २००३ पासून त्यांनी प्रादेशिक साखळी लीग आणि २०११ पासून त्यावर १८ वर्षांखालील प्रीमियर लीग बसवली. शाळांचे संघ आणि क्लबांचे संघ एकाच साखळीत, वर्षभर, आणि कामगिरीनुसार वरच्या किंवा खालच्या श्रेणीत जाणारे. जुनी स्पर्धा बंद केली नाही, तिच्या जोडीला ही आणली.

हे वाचताना आपल्या जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा डोळ्यांसमोर येणारच. तालुक्याहून पहाटे निघालेली शाळेची गाडी सकाळी मैदानावर पोहोचते. गणवेश दोन रंगांचे, कारण सगळ्यांना पुरतील एवढे एका रंगाचे नाहीत. गोलरक्षकाचे हातमोजे आधीच्या सामन्यातल्या संघाकडून मागून घेतलेले. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल बसतात, मग सर बाहेरून ओरडत राहतात, “मार बाहेर, मार बाहेर.” राखीव चार पोरे बुटांच्या नाड्या बांधून उभी असतात, त्यांची पाळी येतच नाही. सामना संपतो, पंचाची सही होते, सगळे वडापाव खाऊन परत गाडीत. त्या शाळेचे त्या वर्षाचे फुटबॉल तिथे संपले. दिल्लीच्या सुब्रतो चषक या देशपातळीवरच्या शालेय स्पर्धेपर्यंत पोहोचणाऱ्या मोजक्या शाळांचे व्हिडिओ आपण पाहतो. पहिल्या सकाळी घरी गेलेल्या शेकडो शाळांचे कोणी पाहत नाही. बहुतेक ठिकाणी आजही पद्धत हीच आहे. खेळाडूचे भवितव्य चाळीस मिनिटांवर ठरवणारी व्यवस्था आपण चालवतो आणि मग अमेरिकेने तीन गोल केले की मुलांना दमसास नाही म्हणतो.

त्यात दहावी येते. राज्य मंडळ खेळाडूंना सवलतीचे गुण देते, शासकीय नोकरीत पाच टक्के जागा राखीव आहेत. या सोयी मी कमी लेखत नाही. गरीब घरातल्या कितीतरी मुलांना त्यांनी पोटापाण्याला लावले आहे. पण त्यांचा एक परिणाम असा की खेळ प्रमाणपत्रासाठी खेळला जातो. प्रमाणपत्र हाती आले, गुण जमा झाले, अकरावीला शिकवणी लागली, बूट माळ्यावर गेले. सतरावे वर्ष म्हणजे आपल्याकडे बारावीचे वर्ष. जगभर ज्या वयात फुटबॉलपटूचा खेळ गंभीर होतो, त्या वयात आपला मुलगा खेळ सोडतो. आईवडिलांना बोल लावण्यात अर्थ नाही. पुढे काय, या त्यांच्या प्रश्नाला क्लब, महासंघ किंवा शासन यांच्यापैकी कोणाकडेच उत्तर नाही, तोवर त्यांचा निर्णय बरोबरच आहे.

मुलींच्या बाबतीत हा वाद आणखी निष्ठुरपणे घातला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्या मुलींवर आठ गोल केले, मोरोक्कोने तीन, ब्राझीलने पाच. देशाची लाज गेली, असे लिहिणारे ढिगाने निघाले. त्या मुलींनी कशातून वाट काढली होती? ही स्पर्धा आधी २०२० साली व्हायची होती. कोरोनामुळे ती पुढे गेली, मग रद्द झाली, आणि तिच्यासाठी तयार झालेल्या मुलींचे वय उलटून गेले. नवा संघ बांधावा लागला. स्पर्धेला दोन महिने उरले असताना फिफाने आपल्या महासंघालाच निलंबित केले, ते अकरा दिवसांनी मागे घेतले. कर्णधार अस्तम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानार्थ गावात रस्त्याचे काम निघाले आणि त्यावर तिचे आईवडीलच मजुरीला होते. समोर जी अमेरिका होती तिथे १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांत मुलींना खेळाच्या संधी नाकारता येणार नाहीत, असे त्यातून बंधन आले. १९९१चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तो त्या कायद्यावर वाढलेल्या पिढीने. भुवनेश्वरच्या त्या आठ गोलांमागे पन्नास वर्षे होती. आणि आपल्या मुलींनी मान टाकली असे कोणाला वाटत असेल, तर जुलै २०२५ मध्ये वरिष्ठ महिला संघाने थायलंडला त्यांच्याच घरी हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, हे त्यांनी पाहावे. पुरुषांना त्याच वर्षी ते जमले नाही.

आणखी एक आक्षेप सध्या ऐकू येतो: २०२५ पासून कुमारांचा विश्वचषक दरवर्षी होतो, संघ चोवीसवरून अठ्ठेचाळीस झाले, आता तिथे पोहोचण्यात काय मोठेपणा? दर्जा थोडा पातळ होईल, हे मान्य. पण हा बदल आपल्यासारख्यांच्या फायद्याचा आहे. दोन वर्षांतून एकदा स्पर्धा असली की चुकीच्या वर्षी जन्मलेली अर्धी मुले कायमची बाहेर राहतात. दरवर्षी स्पर्धा म्हणजे दर तुकडीला एक संधी. २०१८ साली फर्नांडिस यांच्याच मुलांनी आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाला घाम फोडला होता. ०-१ असे हरले आणि एका सामन्याने विश्वचषक हुकला. आजच्या नियमाने तो संघ उपांत्यपूर्व फेरी गाठल्याबरोबर पात्र ठरला असता. ते तिकीट यजमान म्हणून मिळालेले आमंत्रण नसते, कमावलेले असते.

धोका मात्र एक आहे, आणि तो संघांच्या संख्येपेक्षा मोठा आहे. दरवर्षी तिकीट मिळण्याची शक्यता आली की राज्य संघटनांना आणि अकादम्यांना निकालाचा हव्यास सुटेल. हव्यास सुटला की जन्मदाखले बदलतात. १९८९ साली जन्मतारखांच्या घोळामुळे फिफाने नायजेरियावर दोन वर्षांची बंदी घातली होती. २००९ पासून मनगटाची एमआरआय तपासणी आली, तेव्हा त्या वर्षीच्या यजमान नायजेरियालाच ऐनवेळी आपले अनेक खेळाडू बदलावे लागले. वय चोरणारा मुलगा एका प्रामाणिक मुलाची जागा खातो आणि पुढे स्वतःही टिकत नाही. आपल्याकडे हा रोग नाही असे कोणत्याही खेळातला माणूस छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. म्हणून कुमार संघांच्या प्रशिक्षकाला केवळ चषकांवर मोजणे बंद व्हायला हवे. त्याच्या हाताखालून गेलेली किती मुले एकविसाव्या वर्षी व्यावसायिक फुटबॉल खेळत आहेत, हा आकडा महासंघाने दरवर्षी नावांसकट प्रसिद्ध करावा. आयएसएल आणि दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबाने एकवीस वर्षांखालील भारतीय खेळाडूंना मोसमात किती मिनिटे दिली, तेही सोबत यावे.

महाराष्ट्राने यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायचे कारण नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या दोन तालमींच्या, म्हणजे स्थानिक मंडळांच्या, संघांची गाठ पडली की दुपारपासून पेठा रिकाम्या होतात. देशात फार थोड्या गावांत स्थानिक लीगला एवढे प्रेक्षक मिळतात. शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब या संघांमागे लोकवर्गणी आहे, माणसे आहेत, पिढ्यांची ओढ आहे. यातल्या प्रत्येक संघाला पंधरा आणि अठरा वर्षांखालील संघ उतरवण्याची अट घातली, तर सोळा संघांच्या एकेरी साखळीत प्रत्येक मुलाच्या संघाला वर्षाला पंधरा सामने मिळतात, दुहेरीत तीस. जिथे अशा स्पर्धा होतात तिथे त्यांचे सामने वाढवावेत. लागणार काय? पंच, चेंडू, रविवार सकाळचे मैदान आणि मोसमाच्या आधी छापलेले वेळापत्रक. विदेशी खेळाडूला एका मोसमासाठी आणायचा खर्च तालमी करतात; त्यातला काही भाग इकडे वळला तरी दोन्ही वयोगटांचा बराचसा खर्च भागेल. पुणे, मुंबई, नागपूर इथल्या संघटनांनी आणि खासगी अकादम्यांनीही हेच करावे. पालकांकडून महिन्याला शुल्क घेणाऱ्या अकादमीला, तुमच्या मुलांनी गेल्या वर्षी किती अधिकृत सामने खेळले, हा प्रश्न प्रत्येक आईबापाने प्रवेशाच्या दिवशी विचारावा आणि आकडा लेखी मागावा.